भाकर, तारण आणि खंडणी

'तारण' हा शब्द ऐकला की तुमच्या-माझ्या पिढीला पहिली आठवण होते ती गृहकर्जाची. फ्लॅट बँकेकडे तारण, वीस वर्षं हप्ते, आणि शेवटचा हप्ता भरला की कागदपत्रं परत. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेत हाच शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ पापातून सुटका. येशू हा 'तारणारा' आणि तो देतो ते 'तारण'. बँकेचा आणि चर्चचा शब्द एकच कसा? की हा नुसता योगायोग?

गेले काही विकांत मी या असल्या प्रश्नांत घालवले. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मपंडित तर नाहीच. पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. पण त्या धंद्यात एक सवय लागते. एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि 'डिफ' काढायचा, म्हणजे कुठे काय बदललंय ते बघायचं. जिथे बदल नाही तिथे डोळा थांबत नाही. जिथे बदल दिसतो तिथे प्रश्न पडतो की कुणी, कधी आणि कशासाठी केला? टेबलावर बायबलची दोन-तीन मराठी भाषांतरं आणि काही इंग्रजी आवृत्त्या घेऊन मी तेच केलं. आणि गंमत म्हणजे, सगळ्यात जास्त अडखळलो ते अवघड तत्त्वज्ञानापाशी नाही, तर भाकरीपाशी.

भाकर

मी मूळचा नांदुऱ्याचा. बुलढाणा जिल्हा, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर मलकापूर सोडलं की येतं ते. हायवेवरून जाणाऱ्यांना १०५ फुटी हनुमानाच्या मूर्तीमुळे माहीत असेल. आमच्याकडे 'भाकरी' कुणी म्हणत नाही, 'भाकर' म्हणतात. जवारीची भाकर. पुण्यात आल्यावर 'भाकरी' म्हणायची सवय करावी लागली. तर मराठी बायबलमधली येशूने शिकवलेली प्रार्थना उघडली, आणि तिथे माणूस देवाकडे मागतो काय, तर 'भाकर'! पोळी नाही, पाव नाही, अन्न नाही. पॅलेस्टाइनचा ज्यू आमच्या नांदुऱ्याच्या शेतकऱ्यासारखं बोलतोय म्हटल्यावर मी सरसावून बसलो.

इंग्रजीत तिथे ब्रेड आहे, ग्रीकमध्ये 'आर्तोस'. हा शब्द सोपा आहे. अवघड आहे तो त्याच्या आधीचा. मराठीत 'रोजची' आणि इंग्रजीत 'डेली' असं सरळ छापलेलं असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला पत्ताच लागत नाही की खाली खड्डा आहे. ग्रीकमध्ये तिथे 'एपिऊसिओस' असा शब्द आहे. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा ग्रीक ज्याची बोलभाषा होती असा पंडित. त्याने लिहून ठेवलंय की हा शब्द कुठल्या ग्रीक लेखकात सापडत नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवलेला दिसतो. म्हणजे बघा, अठराशे वर्षांपूर्वीच हा शब्द अडला होता, तोही त्या भाषेतल्या विद्वानाला.

पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन शुभवर्तमानांची दुरुस्ती हाती घेतली. त्याने काय करावं? लूकच्या शुभवर्तमानात या शब्दासाठी 'रोजची' अशा अर्थाचा लॅटिन शब्द राहिला, आणि मत्तयमध्ये त्याच ग्रीक शब्दासाठी 'भौतिक द्रव्याच्या पलीकडची' अशा अर्थाचा शब्द आला. एकच माणूस, एकच ग्रीक शब्द, दोन उत्तरं. शिवाय एका जुन्या हिब्रू शुभवर्तमानात इथे 'उद्याची' असा शब्द होता असंही त्यानेच नोंदवलंय. म्हणजे मागायचं काय? आजच्यापुरतं, उद्याचं, जगण्यापुरतं, की आत्म्याचं अन्न? आजही अभ्यासक यातल्या वेगवेगळ्या पर्यायांच्या बाजूने भांडतात.

हा झाला अवघडपणाचा पहिला प्रकार, जो मुळातच आहे. इथे भाषांतरकार हुशार नाही म्हणून अडचण नाही. सोर्सच संदिग्ध आहे. चांगल्या आवृत्त्या तळटीप देऊन ते कबूल करतात. बाकीच्या एक पर्याय निवडून पुढे जातात.

पण 'भाकर' शब्दात दुसऱ्या प्रकारचा अवघडपणाही आहे, आणि तो खास आपला आहे. ज्यू लोकांच्या वल्हांडण सणात सात दिवस 'बेखमीर' भाकर खायची असते, म्हणजे पीठ न आंबवता केलेली. का, तर इजिप्तमधून निघताना पीठ आंबायलाही वेळ मिळाला नव्हता, त्याची आठवण म्हणून. त्यांची रोजची भाकर आंबवलेली, म्हणून न आंबवलेली भाकर ही खास गोष्ट. आता हे नांदुऱ्यात सांगून बघा. आमची भाकर आंबवतं कोण? ती जन्मजात बेखमीरच! आमच्या आजीला कुणी 'बेखमीर भाकर' म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, 'म्हंजे? दुसरी कोन्ती असते?' शब्द घरचा मिळाला, जवळचा मिळाला, पण त्यामुळे सणाचा सगळा मुद्दाच हरवला. आणि 'भाकर' काढून 'पाव' घातला, तर सणाचा मुद्दा कळतो, पण प्रार्थनेतली ती भूक जाते. पाव आमच्याकडे चहासोबत खायची वस्तू. दोन्ही एकदम साधत नाही. भाषांतरकाराला कुठलं तरी एक नुकसान पत्करावंच लागतं.

असंच 'द्राक्षारसा'चं. मराठी बायबलमध्ये वाइनला हा शब्द आहे. काना गावच्या लग्नात येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, हे वाचताना डोळ्यांसमोर ज्यूस सेंटर येतं. ग्रीकमधलं पेय मात्र चांगलं चढणारं आहे. त्याच पेयाने झिंगू नका असा उपदेशही पुढे पत्रांमध्ये आहे, आणि तिथे द्राक्षारस वाचून माणूस गोंधळतो. ज्या काळात हा शब्द रुळला तेव्हा मराठीत जवळचे पर्याय होते 'दारू' आणि 'मद्य', आणि या दोन्ही शब्दांना गुत्त्याचा वास. आज नाशिकच्या वाइनमुळे वाचकाला 'वाइन' शब्द सहज कळतो, पण चर्चमध्ये तो कानाला कसा लागेल, हा वेगळा प्रश्न.

कुमारी

आता थोडं स्फोटक प्रकरण. यशयाच्या पुस्तकात सातव्या अध्यायात एका स्त्रीला मुलगा होईल असं भाकीत आहे. हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे वयात आलेली तरुण मुलगी. इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रियाच्या ज्यूंसाठी ग्रीक भाषांतर झालं तेव्हा तिथे 'पार्थेनोस' आलं. या शब्दाचा कल अक्षतयोनी कुमारिकेकडे. मत्तयने येशूच्या जन्माची कथा सांगताना ग्रीक वाक्य घेतलं, आणि एका भाषांतरातल्या शब्दनिवडीवर दोन हजार वर्षांचा वाद उभा राहिला. १९५२ मध्ये अमेरिकेत नवी इंग्रजी आवृत्ती आली, तिने हिब्रूला धरून 'तरुण स्त्री' असं छापलं. नॉर्थ कॅरोलिनामधल्या एका पाद्र्याने ते पान जाहीरपणे जाळलं. एका शब्दासाठी!

मराठीत काय आहे? 'कुमारी'. आणि इथे आपल्या भाषेने भाषांतरकाराला मोठीच मदत केली आहे. शाळेच्या दाखल्यावर मुलीच्या नावाआधी 'कु.' असतं ना, त्याचा अर्थ फक्त अविवाहित. पण 'कुमारी माता' म्हटलं की दुसरी छटा लगेच पुढे येते. म्हणजे अल्मा आणि पार्थेनोस या दोघींना एकाच शब्दात बसायला जागा आहे. आता याला यश म्हणायचं की पळवाट? इंग्रजीत निवड करावीच लागली, म्हणून भांडण झालं, पण त्या भांडणामुळे सामान्य वाचकाला कळलं की इथे काहीतरी आहे. मराठी वाचक मात्र त्या ओळीवरून सरळ निघून जातो. भाषांतर गुळगुळीत झालं की अडचण संपते असं नाही, ती फक्त दिसेनाशी होते.

खंडणी

तिसरा प्रकार काळाचा. येशूने अनेकांसाठी आपला जीव मोल म्हणून दिला, असं मार्कच्या दहाव्या अध्यायात येतं. ग्रीक शब्द 'लुत्रोन', म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजायची रक्कम. आणि जुन्या छापील मराठी बायबलमध्ये तिथे शब्द आहे 'खंडणी'.

आज हे वाचून दचकायला होतं. खंडणी म्हणजे बिल्डरला आलेला फोन. पण मराठेशाहीच्या कागदपत्रांत खंडणी ही ठरवून वसूल केलेली रक्कम होती. गावाने खंडणी भरली की लुटीतून सुटका. त्या काळच्या कानाला 'सुटकेसाठी मोजलेली रक्कम' हा अर्थ चपखल बसला असणार. शब्द चुकला नव्हता. शब्द तिथेच राहिला आणि आपण पुढे निघून आलो.

याच्यात आणखी एक मेख आहे. रक्कम दिली, पण दिली कुणाला? मूळ मजकूर हे सांगतच नाही. ओरिजेन म्हणाला, सैतानाला. अकराव्या शतकाच्या शेवटी अ‍ॅन्सेल्मने ते साफ नाकारलं आणि म्हणाला, देवाच्या अवमानाची भरपाई देवालाच. हजार वर्षं चाललेला वाद आहे हा. पण 'खंडणी' शब्द आजच्या अर्थाने वाचला की आपोआप एक खंडणीखोर उभा राहतो. मुळात जी जागा मोकळी सोडली होती तिथे आजची मराठी एक खलनायक बसवून मोकळी होते.

आणि आता सुरुवातीच्या 'तारण'कडे बघा. 'मोक्ष' शब्द घेतला तर जन्म-मृत्यूचा फेरा सोबत येतो. 'तारणे' त्या मानाने साधं, 'देव तारी त्याला कोण मारी' मधलं. म्हणजे बुडत्याला पार नेणं. बँकेच्या तारणाचं मूळ बायबलमध्ये नाही, हे उघड आहे. पण मूळ ग्रीक विचारातच सुटका, मोल, गुलाम सोडवणं असा व्यवहार आहे, त्यामुळे कर्ज फेडून गहाण सोडवणाऱ्या माणसाला हा शब्द ऐकून जे वाटेल ते अगदीच परकं नाही. कधीकधी योगायोगही अर्थ लावायला मदत करतात.

हे सगळं कुणासाठी?

एवढं झाल्यावर प्रश्न उरतो की शब्द निवडताना समोर कोण होतं? इथे मराठी बायबलचा इतिहास बघावा लागतो, आणि तो म्हणजे या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं.

गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. ते भाषांतर नव्हे, ओवीबद्ध कथन. हा इंग्रज जेझुइट समोरच्या नवख्रिस्ती श्रोत्यांना पुराणांची गोडी आहे हे ओळखून होता, त्यामुळे त्याच्या स्वर्गाचं नाव वैकुंठ. श्रोत्याच्या घरातले शब्द घ्यायचे, सोबत येणारे जुने अर्थ पत्करायचे, ही एक वाट.

विल्यम केरी हा दुसरा. बंगालमध्ये श्रीरामपूरला बसून, फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीने त्याने मराठी शिकली. १८०५ मध्ये व्याकरण, १८१० मध्ये कोश, १८११ मध्ये मराठी नवा करार. काम अफाट, पण महाराष्ट्रापासून हजार मैलांवर. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल वगैरे अमेरिकन मिशनऱ्यांना ते मराठी इथल्या लोकांच्या कामाचं वाटलं नाही, त्यांनी नव्याने भाषांतर मांडलं. हॉल मार्च १८२६ मध्ये कॉलऱ्याने वारले. त्यांच्या मिशनचा नवा करार त्याच वर्षी मुंबईत छापून झाला.

शब्दांवरची भांडणं मिशनऱ्यांमध्येही होतीच. 'बाप्तिस्मा' हा शब्द आपण जसाच्या तसा ग्रीकमधून घेतला. बंगालीत बॅप्टिस्टांना तिथे 'बुडवणे' अशा अर्थाचा शब्द हवा होता, कारण त्यांच्या मते पाणी शिंपडणं पुरेसं नाही. ब्रिटिश बायबल सोसायटीने १८३० च्या दशकात त्याला पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा १८४० मध्ये बॅप्टिस्टांनी वेगळी भाषांतर सोसायटी काढली. भाषांतर केलं तर पंथ फुटतो, नाही केलं तर वाचकाला शब्द कळत नाही. मराठीने दुसरं नुकसान पत्करलं.

आणि मग येतात पंडिता रमाबाई. या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते त्यांनी.

रमाबाई १८५८ च्या. वडिलांनी संस्कृत शिकवलेलं, १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलेलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून जो वाद चालला, त्यात एक मुद्दा क्रॉसवरच्या अक्षरांचा होता. लॅटिन कशाला, माझ्या क्रॉसवर संस्कृत असू दे, असा रमाबाईंचा आग्रह. लॅटिन काही माझ्या देशाच्या भाषांची आई नाही.

आता याच रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मराठी बायबलचं भाषांतर करायला बसल्या, तेव्हा त्यांची तक्रार काय होती? की प्रचलित भाषांतर फार संस्कृतप्रचुर आहे, त्यातले काही शब्द वेदान्ताच्या छटा घेऊन येतात, आणि साध्या बायकांना ते कळत नाही. विरोधाभास वाटतो ना? मला नाही वाटत. क्रॉस त्यांचा स्वतःचा होता, तिथे त्यांना जे कळत होतं ते चालत होतं. पुस्तक दुसऱ्यांसाठी होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या. ते प्रांत म्हणजे आमच्या वऱ्हाडाचे शेजारी. नुकतंच अक्षर ओळखायला लागलेली अशी एखादी मुलगी समोर धरली की संस्कृत पांडित्याचा उपयोग शब्द गाळण्यासाठीच. संस्कृत इतकं पक्कं असलेल्या माणसालाच तो कान असतो.

आणि त्यांनी सोपं करायचं म्हणून इंग्रजीवरून उरकलं नाही. पन्नाशीच्या आगेमागे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १८७६ मध्ये अमेरिकेत ज्युलिया स्मिथने असंच एकटीने मूळ भाषांवरून इंग्रजी बायबल काढलं होतं, पण अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला आणि छपाईला तिथल्याच बायका. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. तरी काम चालू होतं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. संपूर्ण बायबल छापून आलं ते १९२४ मध्ये.

चर्चमध्ये ते चाललं का? फारसं नाही. तिथे बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचलं जात राहिलं. कानाला सवय झालेला शब्द बदलणं, हे चालू सिस्टीममधली जुनी लायब्ररी बदलण्यापेक्षाही अवघड. पण रमाबाईंनी विचारलेला प्रश्न मागे राहिला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या भाषांतराचं नावच 'सुबोध बायबल' ठेवलं. याच दिब्रिटोंना २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. २०२४ मध्ये ते गेले.

तसा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गीता संस्कृतात असताना ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ती मराठीत का आणली? आणि ल्यूथरने १५३० मध्ये टीकाकारांना उत्तर देताना हेच सांगितलं होतं की जर्मन कसं बोलावं हे लॅटिनला नाही, घरातल्या आईला आणि बाजारातल्या माणसाला विचारा. ल्यूथरची आई, रमाबाईंची दुष्काळातली मुलगी, आमची नांदुऱ्याची आजी. एकाच बाकावर बसतील त्या.

आता थोडं कामाचं. धर्मग्रंथातली एखादी ओळ अडली, मग ती बायबलची असो, गीतेची असो की कुराणाची, तर आपण विचारतो की यातलं बरोबर भाषांतर कुठलं? मला वाटतं त्याआधी तीन प्रश्न विचारावेत. अडचण मुळात आहे का, 'एपिऊसिओस'सारखी? की दोन जगांच्या मधली आहे, बेखमीर भाकरीसारखी? की शब्दच म्हातारा झालाय, खंडणीसारखा? पहिल्या प्रकारात कुणी छातीठोक उत्तर दिलं तर जरा जपून. दुसऱ्या प्रकारात दोन भाषांतरं शेजारी ठेवली की बरंच उलगडतं. तिसऱ्यात जुना कोश उघडला की काम होतं. आणि जिथे सगळी भाषांतरं एकसारखी गुळगुळीत लागतात, 'कुमारी'सारखी, तिथे दुसऱ्या भाषेतलं एखादं काढून बघावं.

बाकी त्या प्रार्थनेतल्या शब्दाचा निकाल अजून लागलेला नाही. आजची भाकर की उद्याची, हे ओरिजेनला ठरवता आलं नाही, तिथे आपण कोण? पण दुष्काळातून आलेल्या पोरीला त्या ओळीचा अर्थ जेरोमपेक्षा कमी कळला असेल असं मला काही वाटत नाही.

असो. आजच्यापुरतं एवढंच. भूक लागली.